लाकडी सांगाड्याचे शेतघर : पाडण्यापूर्वी एकदा तपासा



अंबरनाथ पूर्वेला वालधुनीच्या काठी असलेले शिवमंदिर पाहण्यासाठी दूरदूरहून माणसे येतात. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील शिलाहारांचे ते दगडी काम आहे. मंदिराच्या परिसरातून पुढे कानसई, वडवली, चिखलोली, जांभिवली या बाजूस किंवा मलंगगडाच्या पायथ्याशी नेवाळी-मांगरूळकडे गेले, की इमारतींच्या दाटीत मध्येच एखादे उतरत्या कौलांचे, मातीच्या भिंतींचे शेतघर अजून उभे दिसते. ते पाहायला कोणी येत नाही. घरधन्यालाही त्याची लाज वाटू लागलेली असते. एखाद्या पावसाळ्यात मागची भिंत ढासळते, दोन ठिकाणी गळू लागते आणि दिवाळीनंतर जुन्या लाकडाचा व्यापारी अंगणात येऊन उभा राहतो.

स्लॅबचे घर बांधू नये असे सांगण्याचा येथे हेतू नाही. कुटुंब वाढले, जागा अपुरी पडू लागली, तर नवे घर बांधावेच लागते. परंतु "घर गेले" असा निर्णय ज्या लक्षणांवरून घेतला जातो, ती लक्षणे पुष्कळदा घराच्या मूळ दुखण्याची नसतात. ढासळलेली भिंत आणि गळणारे कौल यांवरून लाकडी सांगाड्याच्या घराची परीक्षा होत नाही. ती कशी करावी आणि जे बिघडले असेल तेवढेच कसे दुरुस्त करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

भार कोण उचलतो?

आपल्या भागातील जुने शेतघर म्हणजे आधी उभा केलेला लाकडी सांगाडा आणि मग त्याला लावलेल्या भिंती. दगडी जोत्यावर खांब उभे राहतात. खांबांच्या डोक्यावर तुळया बसतात. मधल्या उंच खांबांवर आढे असते. आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे उतरतात, वाशांवर रिपा आणि रिपांवर कौले. घर चौपाखी असेल तर कोपऱ्यांत तिरपे कोनवासे येतात. छपराचा सगळा भार या वाटेने वरून खाली उतरतो आणि खांबाच्या बुडाशी दगडावर जातो. दोन खांबांच्या मधली भिंत या वाटेत कोठेही येत नाही. तिने वारा, पाऊस आणि नजर अडवायची, एवढेच तिचे काम.

स्लॅबच्या घरातही भार खांब आणि तुळयांवरच असतो, भिंत नंतर भरतात. म्हणजे पद्धत तीच आहे, साहित्य तेवढे बदलले. जुन्या सुताराला याचे गणित लिहिता येत नव्हते, पण घर तो 'खणां'त मोजत असे. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. घर तीन खणी की पाच खणी हे ठरले, की लाकूड किती लागणार ते त्याला ठाऊक असे.

भाषेतही हा सांगाडा टिकून आहे. कोणत्याही कामाची आपण 'मुहूर्तमेढ' रोवतो. ती मेढ म्हणजे पहिला खांब. ज्याच्या घरी जेवलो त्याचेच वासे मोजू नयेत असे म्हणतो, आणि वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असेही म्हणतो. शहरातील मुलांना आज या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागतो.

सांगाड्याचे सांधे लोखंडाशिवाय केलेले असतात. खांबाच्या डोक्यावर कुसू काढलेला असतो, तो तुळईच्या खाचेत बसतो आणि आडव्या छिद्रातून लाकडी मेख ठोकून तो पक्का केला जातो. असा सांधा थोडा हलतो, पण तुटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याचा प्रचंड भार यांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्याच गावांत कित्येक ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या, पण आतला लाकडी सांगाडा उभा राहिलेला आढळला. आपल्याकडे धाबे नाही, कौलांचे हलके छप्पर आहे आणि कुडाची भिंतही हलकी आहे. त्यामुळे सांधे शाबूत असलेल्या सांगाड्याला कमकुवत समजण्याचे कारण नाही.

लाकूड किती वर्षे टिकते?

हा प्रश्न विचारला की "शंभर वर्षे" असे काहीतरी उत्तर मिळते. खरे पाहता लाकडाला ठरलेले आयुष्य नसते. एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याला जाता, तेव्हा देवळाशेजारच्या चैत्यगृहात शिरून वर पाहावे. दगडी छताला लागून लाकडी कमानींची रांग आहे. त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या, सागवानी आहेत. स्तूपावरची लाकडी छत्रीही त्याच काळातील आहे. इतकी वर्षे त्या टिकल्या, कारण त्यांच्यावर पाऊस पडत नाही, त्यांचे टोक मातीत नाही आणि भोवती हवा खेळती आहे.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा लागतो. लाकडातील ओलावा शेकडा वीसच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. तेव्हा लाकूड भिजणारच. ते भिजून पुन्हा लवकर वाळते की नाही, हे महत्त्वाचे. जुन्या घराची सगळी रचना या एका गोष्टीभोवती फिरते. जोते उंच असते, खांबाखाली दगडी तळखडा असतो, पाखी तीव्र उताराची असतात, आणि वळचण इतकी पुढे आणलेली असते की पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात.

लाकडाची जातही जागा पाहून निवडलेली असे. तुळया व दारे-चौकटींना साग, खांबांना साग, ऐन किंवा खैर, वाशांना ऐन, किंजळ, हेद, आणि काही घरांत थेट कळकाचे वासे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. टिकाऊपणा असतो तो गाभ्याच्या लाकडात. बाहेरचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी कीड त्यात शिरतेच. म्हणून जुन्या खांबाचा बाहेरचा थर भुसा झालेला दिसला, तर घाबरून जाऊ नये. तो खरवडून टाकावा आणि आत किती निकोप लाकूड उरले ते मोजावे. आठ इंची खांबाचा पाऊण इंच थर चारी बाजूंनी गेला तरी आत साडेसहा इंचांचा गाभा उरतो, आणि छपराचा भार पेलायला तो बहुधा पुरतो. आज बाजारात मिळणारा कोवळा साग घेतला तर त्यात पांढरे लाकूडच जास्त असते, हेही लक्षात घ्यावे.

इंग्लंडमधील शेतघरांची गोष्ट

अशी घरे फक्त आपल्याकडेच आहेत असे नाही. इंग्लंडच्या खेड्यांत पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीची लाकडी सांगाड्याची शेतघरे आजही राहती आहेत. त्यांचे लाकूड ओकचे. खाली दगडी जोते, त्यावर आडवी लाकडी पाटी, तिच्यावर खांब, वर तुळया आणि उतरते छप्पर. सांधे कुसू व खाचेचे, लाकडी मेखांनी ठोकलेले. खांबांमधल्या जागेत बारीक काठ्या विणून त्यांवर माती, चिरलेले काड आणि गाईचे शेण यांचे लिंपण केलेले, वरून चुना. म्हणजे आपला कूडच! फार जुन्या घरांना धुरांडे नव्हते. मधल्या उंच दालनात जमिनीवर चूल पेटे आणि धूर छपरातून निघून जाई. त्या घरांचे वासे अजून काजळीने काळे आहेत.

तेथेही विसाव्या शतकात एक चूक सर्रास झाली. मातीची लिंपणे काढून त्या जागी सिमेंटचा गिलावा भरला गेला. लाकूड ऋतूप्रमाणे फुगते व आकसते, सिमेंट तसे हलत नाही. दोघांच्या मध्ये केसासारखी फट पडली, पाणी आत गेले आणि सिमेंटमागून बाहेर पडू शकले नाही. पाच शतके टिकलेले ओक काही दशकांत कुजू लागले. आता तेथील कारागीर ते सिमेंट काढून पुन्हा माती व चुना वापरतात. आपण अंबरनाथ-बदलापूरच्या गावांत आज नेमकी तीच चूक करीत आहोत. खांबाच्या बुडाशी सिमेंटचा चौथरा ओततो, कुडाच्या भिंतीला बाहेरून सिमेंट मारतो, वर तैलरंग लावतो, आणि पाच-सात वर्षांनी लाकूड कुजले म्हणून लाकडालाच दोष देतो.

घर हे शेतीचे अवजार

सांगाड्याची मांडणी शेतीच्या गरजेतून आलेली आहे. पुढे खळे किंवा अंगण, मग ओटी, आत माजघर, मागे चूल, बाजूच्या उतरत्या पाखाखाली पडवी आणि तीत गुरे. माजघरावर माळा. खालच्या चुलीच्या उबेने माळ्यावर भात, कडधान्य आणि पुढच्या वर्षीचे बियाणे पावसाळ्यात कोरडे राही. धुरामुळे बियाण्याला आणि वाशांना, दोघांनाही कीड कमी लागे. गॅस आल्यावर घरातील बायकांचे डोळे व छाती सुटली, ही मोठी गोष्ट झाली. धूर परत आणा असे कोणी म्हणणार नाही. मात्र ज्या घरात चूल बंद झाली, तेथे काही वर्षांत कळकाच्या वाशांतून पिवळा भुसा गळू लागतो. धुराने होणारे राखणीचे काम आता आपल्याला औषधाने करावे लागणार, एवढे समजून घ्यावे.

पडवीतील गोठ्याबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. गुरांचे मूत्र आणि सतत ओली जमीन यांमुळे पडवीचे खांब बुडाशी सर्वांत आधी जातात. गोठा घरापासून वेगळा करणे आरोग्याच्या आणि लाकडाच्याही दृष्टीने हिताचे आहे.

तपासणी कशी करावी?

तपासणी दोनदा करावी. एकदा भर पावसात, पाणी कोठून येते ते पाहण्यासाठी. आणि एकदा दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर. साहित्य थोडेच लागते : टोकदार टोचा किंवा जुना पेचकस, लहान हातोडी, ओळंबा, विजेरी आणि खडू.

सुरुवात खांबांच्या बुडापासून करावी. प्रत्येक खांब जमिनीपासून गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत चारी बाजूंनी हातोडीने ठोकून पाहावा. निकोप लाकूड खणखणते, कुजलेले किंवा पोकळ लाकूड बद्द वाजते. शंका आली तेथे टोचा दाबावा. तो नखाएवढा गेला तर काळजी नाही, बोटभर सहज घुसला तर तेथे खडूने फुली मारावी. ओटीच्या कडेच्या व पडवीच्या खांबांकडे जास्त लक्ष द्यावे. लाद्या बसवताना ज्या खांबांचे बूड झाकले गेले आहे, तेथील एखादी लादी काढायला मागेपुढे पाहू नये. दुखणे नेमके तेथेच दडलेले असते.

यानंतर तुळयांची टोके. भिंतीत गाडलेले टोक वाळत नाही, म्हणून तेथे कूज आतून चालू होते. मग वळचण. वाशांची खालची टोके, विशेषतः फुटलेल्या कौलाखालची, टोचून पाहावी. माळ्यावर चढून दिवसा अंधारात बसावे. जेथून उजेड येतो तेथून पाणीही येते. वाशावर काळा ओघळ दिसला तर तो पाण्याचा, आणि जोत्यावरून वर चढणारी मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवीची वाट असते.

आता राहिला वाकडेपणा. ओळंबा लावल्यावर जुन्या घरातील बहुतेक खांब थोडे कललेले आढळतील. त्यात नवल नाही. घर पन्नास वर्षांपूर्वी कलून तेथेच थांबले असेल तर धोका कमी असतो. ते आजही कलत असेल तर मात्र उपाय तातडीने करावा लागतो. हे ओळखण्यासाठी उघडलेल्या सांध्यावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढावी, शेजारी तारीख लिहावी आणि पावसाळ्यानंतर रेघेची दोन्ही टोके जुळतात का ते पाहावे. रेघ तुटली असेल तर सांगाडा हलतो आहे. अशा वेळी जाणत्या सुताराला आणि शक्य झाल्यास अभियंत्याला घर दाखवावे.

तपासणीनंतर फुल्या मोजाव्यात. चोवीस खांबांच्या घरात पाच-सहा खांब बुडाशी आणि काही वासे टोकाशी गेलेले निघाले, तर ते घर दुरुस्त होण्याजोगे आहे. मधल्या ओळीचे उंच खांब, आढे आणि मुख्य तुळया यांतच ठिकठिकाणी बोटभर टोचा जात असेल, तर मात्र दुरुस्तीचा आग्रह धरू नये. अशा घरात माणसे झोपवणे बरोबर नाही.

खांबाचे बूड बदलणे

बूड कुजले म्हणून पूर्ण खांब बदलण्याची जरूर नसते. कुजका भाग कापून त्या जागी नवा तुकडा जोडता येतो. हे काम दिवाळीनंतर सुरू करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवावे, आणि एका वेळी एकच खांब हाती घ्यावा.

प्रथम खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली भक्कम टेकू द्यावेत. टेकूखाली जाड फळी ठेवावी, नाहीतर तो मातीत रुततो. जॅक लावून तुळई केवळ सूतभर उचलावी. खांबावरचा भार सुटला की पुरे. खचलेले घर एका दिवसात सरळ करण्याचा मोह सुतारालाही होतो आणि मालकालाही, पण तसे केल्यास वरचे कुसू फाटतात. मग कूज जेथे संपते त्याच्याही वर वीतभर, निकोप लाकडापर्यंत खांब कापावा. नवा तुकडा त्याच जातीचा, वाळलेला आणि गाभ्याचा असावा. घरातील जुन्या तुळईचा तुकडा मिळाला तर उत्तम. दोन्ही टोके अर्धी-अर्धी कोरून एकमेकांवर बसवावीत. या जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच ते तीन पट ठेवावी आणि तो दोन आरपार बोल्टांनी किंवा लाकडी मेखांनी आवळावा.

नवे बूड जमिनीवर टेकवू नये. खाली वीतभर उंचीचा दगडी तळखडा बसवावा. दगड व लाकूड यांच्या मध्ये डांबराचा थर किंवा पत्र्याचा तुकडा ठेवला की दगडातील ओल वर चढत नाही. तळखड्याचा माथा किंचित उतरता घडवून घ्यावा, म्हणजे पाणी साचत नाही. आणि हे सगळे झाल्यावर शोभेसाठी पुन्हा सिमेंटचा चौथरा ओतू नये, ही विनंती.

भिंत आणि छप्पर

कुडाची भिंत ढासळली तर ती पुन्हा घालणे हे घरातील माणसांचेच चार दिवसांचे काम असते. पूर्वी यासाठी कारवी वापरीत. कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून वाळते. मुंबई-ठाण्याच्या डोंगरांत २००८ आणि २०१६ साली असा मोठा फुलोरा आला होता. आज कारवी जंगलातून परवानगीशिवाय आणता येत नाही आणि आणूही नये. तिच्याऐवजी कळकाच्या कामट्या, निगडीच्या काठ्या किंवा तुराट्या चालतात. बांधावर स्वतः लावलेला बांबू तोडण्याची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१७ साली भारतीय वन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला आहे. साग तोडायचा असेल तर मात्र स्वतःच्या शेतातील असला तरी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली आधी परवानगी घ्यावी लागते.

लिंपणाच्या मातीत चिरलेला पेंढा व भाताचा तूस मिसळून ती दोन-तीन दिवस भिजत ठेवावी आणि पायाने चांगली तुडवावी. पेंढ्यामुळे माती तडकत नाही. वरचा हात शेणमातीचा. बाहेरच्या बाजूस सफेदी हवी असल्यास चुना द्यावा. चुन्यातून ओल बाहेर पडते, तैलरंगातून पडत नाही.

२६ जुलै २००५ चा आणि त्यानंतर जुलै २०१९ चा उल्हासचा पूर या पट्ट्यातील लोक विसरलेले नाहीत. पुराचे पाणी घरात शिरले, की कुडाची माती विरघळून खाली बसते आणि घर उघडे पडलेले पाहून जीव हबकतो. परंतु जोत्याखालची माती वाहून गेली नसेल आणि खांब जागेवर असतील, तर सांगाड्याचे फारसे बिघडलेले नसते. अशा वेळी लिंपणाची घाई करू नये. सांगाडा उघडाच ठेवून आठ-पंधरा दिवस वारा लागू द्यावा, चिखल धुऊन काढावा आणि लाकूड वाळल्यावरच भिंत घालावी.

छपराची शाकारणी दरवर्षी मे महिन्यात झालीच पाहिजे. एक फुटके कौल वेळीच बदलले नाही तर वासा जातो, वासा गेला की तुळई. कोकणात मंगलोरी कौले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. मंगळूरला बासल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. त्यापूर्वी कुंभाराची नळीची कौले किंवा पेंढ्या-गवताचे छप्पर असे. मंगलोरी कौलाचे वजन दोन-अडीच किलो आणि एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात. हा भार सांगाड्याला खाली दाबून ठेवतो. कटकट नको म्हणून कौले उतरवून पत्रे चढवले, की हा भार नाहीसा होतो आणि वारा छप्पर उचलू पाहतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये अशी असंख्य छपरे उडाली. कौलेही उडाली हे खरे, पण पत्रा एकटा जात नाही, रिपा-वासे घेऊन जातो. पत्रे घालायचेच असतील तर वासे तुळयांना व तुळया खांबांना लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्याव्यात.

वाळवी आणि भुंगेरे

वाळवी जमिनीतून येते, म्हणून तिचा बंदोबस्तही जमिनीतच करावा लागतो. लाकडावरची मातीची नळी पुसून टाकल्याने ती थांबत नाही, दुसरी वाट काढते. जोत्याला टेकवून ठेवलेले सरपण, पेंढा, जुन्या फळ्या आधी हलवाव्यात. त्यानंतर जोत्याच्या कडेने चर काढून शिफारस केलेले वाळवीनाशक ओतावे. औषध व मात्रा कृषी सहायकास विचारूनच ठरवावी, आणि विहीर जवळ असल्यास हा उपाय टाळावा.

वाशांतील भुंगेऱ्यांसाठी बोरॅक्स व बोरिक ॲसिड हे स्वस्त साधन आहे. १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवून ते कोरड्या लाकडावर ब्रशने दोन-तीन वेळा भरपूर लावावे. हे द्रावण पाण्याने धुऊन जाते, म्हणून ते फक्त छपराखालच्या लाकडास वापरावे. हातमोजे घालावेत व मुले, गुरे, अन्नधान्य दूर ठेवावे.

वाटणीतले घर

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. या भागात जमिनीला भाव आल्यापासून जुन्या घरांच्या वाटण्या खणांवरून होतात. पाच खणांपैकी तीन थोरल्याचे, दोन धाकट्याचे. कागदावर हे ठीक दिसते. पण सांगाडा पाचही खणांचा मिळून एक असतो. एका भावाने आपले तीन खण पाडले, की उरलेल्या दोन खणांच्या तुळयांचा एका बाजूचा आधार जातो, आढे अर्ध्यात तुटते आणि उघड्या पडलेल्या बाजूने पाऊस थेट माजघरात येतो. दुसऱ्याचे निकोप घर दोन पावसाळ्यांत मोडकळीस येते. पुढे वैर उरते.

हे टाळता येते. वाटणीच्या सीमेवरची खांबांची ओळ सामाईक समजून ती उभीच ठेवावी, आणि तसे वाटणीपत्रात लिहून घ्यावे. तुळया त्या ओळीच्या पलीकडे वीतभर सोडून कापाव्यात, खांबावरच्या सांध्यात करवत घालू नये. कापण्यापूर्वी राहणाऱ्या बाजूस आतून टेकू द्यावेत, आणि उघड्या बाजूच्या खांबांना दोन तिरपे धीरे मारावेत, म्हणजे सांगाडा त्या दिशेस कलणार नाही. शेवटी उघड्या टोकाला आढ्यापासून जोत्यापर्यंत कुडाची किंवा विटांची भिंत व वर पुरेशी वळचण पावसाआधी करून द्यावी. हा खर्च पाडणाऱ्याने सोसावा हे न्यायाचे आहे.

पाडावेच लागले तर

लाकडी सांगाड्याचा एक गुण स्लॅबच्या घरात नाही. तो उलट्या क्रमाने सोडवून दुसरीकडे पुन्हा उभा करता येतो. इंग्लंडच्या केंट परगण्यात चिडिंगस्टोन गावाजवळ 'बेलीफ' नावाचे पंधराव्या शतकातील शेतघर होते. १९६०च्या दशकात तेथे जलाशय बांधायचे ठरले आणि घर बुडीत क्षेत्रात आले. तेव्हा त्याचा ओकचा सांगाडा सोडवण्यात आला, आणि ससेक्समध्ये सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात तो पुन्हा जोडून उभा केला. आजही तो तेथे पाहता येतो. बारवी धरणाची उंची वाढल्यावर आपल्याकडेही काही गावांना उठावे लागले, तेव्हा ही गोष्ट येथील वाचकांना परकी वाटू नये.

घर सोडवायचे झाल्यास आधी त्याचा साधा नकाशा काढावा व छायाचित्रे घ्यावीत. नंतर प्रत्येक खांब, तुळई व वासा यांवर क्रमांक घालावा. ओळीला अक्षर आणि खांबाला आकडा, जसे क-१, क-२. खडू पुसला जातो, म्हणून आकडा पत्र्याच्या तुकड्यावर कोरून खिळ्याने ठोकावा. कौले, रिपा, वासे, आढे, तुळया, खांब या क्रमाने उतरवावे. मेख ज्या बाजूने ठोकली असेल त्याच्या उलट बाजूने ठोकून काढावी. करवत शक्यतो लावू नये, कारण कुसू कापला की त्या लाकडाची किंमत जळाऊ लाकडाच्या जवळ येते. उतरवलेले लाकूड जमिनीपासून वर, मध्ये पट्ट्या घालून, छपराखाली रचावे. ते गावाबाहेर न्यायचे असेल तर वाहतुकीच्या परवान्याबद्दल वनविभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करावी.

व्यापाऱ्याशी सौदा करण्यापूर्वी प्रत्येक तुळईची लांबी, रुंदी व जाडी स्वतः मोजून घनफूट काढून ठेवावेत. जुना गाभ्याचा साग 'घराचा मलबा' म्हणून एकगठ्ठा विकू नये. शेतावर गोठा, खताची शेड किंवा भात ठेवायची जागा बांधायची असेल, तर त्यातील दोन खण बाजूला काढून तेथेच उभे करावेत. सांधे तयारच असतात, सुताराला फार काम उरत नाही.